भरतीचा आरोप

माझ्याबद्दल नवी मुंबईत दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक अशी, की चव्हाण सरांनी कॉलेजच्या टीममध्ये बोगस पोरं घुसवली म्हणून त्यांना हाकललं. दुसरी अशी, की चव्हाण सरांनी तत्त्वासाठी राजीनामा तोंडावर फेकला. पहिली सांगणारे मला रस्त्यात टाळतात आणि दुसरी सांगणारे सत्काराला बोलावतात. दोन्ही गोष्टी साफ खोट्या आहेत. सत्कार मात्र मी घेतो, शाल-नारळ कुणाला जड होतंय? पण आता गुडघे गेलेत, धाकट्या नातीलासुद्धा पळून धरता येत नाही, आणि या अंकवाल्यांनी पानं देऊ केलीच आहेत, तर खरं काय घडलं ते एकदा सांगून मोकळा होतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं पेठेची फुटबॉलची टीम मैदानात उतरली की अख्खी पेठ कोच असते. पानपट्टीवाला ओरडतो, तालमीतला वस्ताद ओरडतो, गच्चीवरची आज्जीसुद्धा ‘अरं पास दे की मुडद्या’ म्हणून ओरडते. त्या गावातून मी ऐंशीच्या आसपास खाडीकाठच्या एका नव्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा मास्तर म्हणून येऊन पडलो. कॉलेज नवं, शहरही नवं. जिकडंतिकडं मुरमाचा भराव आणि अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगा. आमचं मैदान म्हणजे परवापरवापर्यंतचं मिठागर. पावसाळ्यात बॉल पडला की तिथंच बसायचा, उसळायचं नावच नाही. संस्थेच्या एका ट्रस्टींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की क्रिकेट चालू करा, सभ्य लोकांचा खेळ आहे. मी म्हटलं, साहेब, या चिखलात खेळपट्टी करायची तर आधी भात लावावं लागेल. तेव्हापासून ते माझ्यावर खार खाऊन होते.

पोरं दोन प्रकारची. एक मुंबईहून नव्या फ्लॅटात राहायला आलेल्या नोकरदारांची. ती स्वच्छ, हुशार, संध्याकाळी पाचला क्लासला पळणारी. दुसरी आसपासच्या गावांतली, आगऱ्या-कोळ्यांची. त्यांच्या घरात कॉलेजचं तोंड बघणारे हेच पहिले. शेतं आणि मिठागरं नव्या शहराला गेलेली, बाप म्हणायचे, जमीन गेली, आता तू तरी कायतरी हो. त्या पोरांचे पाय बघितले आणि मी हरखून गेलो हो! लहानपणापासून गुडघाभर चिखलात चाललेले पाय. बूट घातले की ही पोरं नव्या नवरीसारखी जपून चालायची, आणि बूट काढले की वाऱ्यासारखी सुटायची. बुटांची सवय लावण्यात माझं एक अख्खं वर्ष गेलं.

त्यांच्यात उलव्याचा हिराजी होता. पुढं तो माझा कॅप्टन झाला. उलव्याची पोरं होडीनं खाडी ओलांडून बेलापूरला उतरायची आणि तिथून यायची. कधी वेळेवर, कधी सगळी मिळून उशिरा. विचारलं की एकच उत्तर, ‘सर, सुकती होती.’ मला वाटलं सुकती म्हणून कुणी म्हातारी आहे आणि ती बिचारी सारखी आजारी पडते. मी म्हटलं, सुकतीला दवाखान्यात न्या, पण प्रॅक्टिसला वेळेवर या, आणि सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पोरं हसत हसत पळाली. शेवटी हिराजीनं मला समजावलं की सुकती म्हणजे ओहोटी. पाणी उतरलं की होडी चिखलात रुतते, मग पाणी चढेपर्यंत बसून राहायचं. आम्हा पंचगंगेच्या पोरांना काय माहीत, दिवसातून दोनदा पाणी घर सोडून जातं म्हणून!

आता थोडं आमच्या धंद्याबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आज तुम्ही टीव्हीवर बघता, कोच मैदानाच्या कडेला उभा राहून हातवारे करतो, ओरडतो, नाचतो. त्या काळी हे चालत नव्हतं. मॅच सुरू झाली की कोचनं बाकावर बसायचं आणि तोंड मिटायचं. कडेवरून खेळाडूला सूचना देणं हा नियमभंग होता. मुलीला सासरी धाडलेल्या बापासारखी गत, सगळं दिसतंय पण बोलायची सोय नाही. जे काय सांगायचं ते आधी किंवा हाफटाइमला. कोल्हापुरात हा नियम कुणी मनावर घेत नसे, पण मुंबईचे रेफ्री कडक. पहिल्याच आंतर-कॉलेज मॅचला मी ‘मागं या लेको’ म्हणून ओरडलो, तर रेफ्रीनं खेळ थांबवून मला सगळ्यांदेखत दम भरला. दुसऱ्यांदा ओरडलो तर मैदानाबाहेर काढलं. भिंतीपलीकडून मला फक्त आरडाओरडा ऐकू येत होता आणि आम्ही हरत होतो. तडफडलो नुसता.

यावर उपाय सापडला तो पार्वतीबाईंमुळं. आमचा गोलकीपर बाळाराम, त्याची ही आई. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली. सकाळी वाशीच्या सेक्टरांत फिरून मासळी विकायची आणि परतताना रिकामी पाटी घेऊन मैदानाच्या कडेला टेकायची. खेळातलं तिला काही कळत नव्हतं, पण पोराच्या अंगावर बॉल आला की ती असा आवाज लावायची की झाडावरचे कावळे उडायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला खाली बोलवायची सवय त्या गळ्याला! एका मॅचला ती माझ्या मागंच बसून ओरडत होती आणि रेफ्री तिला काही म्हणत नव्हता. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. प्रेक्षकाला नियम नाही. कोचनं बोलायचं नाही, पण कोळणीनं बोलू नये असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

मग आम्ही भाषा ठरवली. साधी मराठी ओरडली तर समोरच्यांनाही कळणार, म्हणून हिराजीनं खाडीचे शब्द सुचवले. ‘सुकती’ म्हणजे सगळे मागं या. ‘भरती’ म्हणजे सगळे पुढं तुटून पडा. आणि ‘डोल’ म्हणजे बचाववाल्यांनी एका रेषेत उभं राहायचं, समोरचा पुढं घुसला की ऑफसाइडमध्ये सापडतो. डोल म्हणजे त्यांचं प्रवाहात रोवून ठेवायचं जाळं. मासा आपल्या पायानं आत येतो. मी खाली मान घालून बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचो आणि हळूच शब्द टाकायचो. मागून पार्वतीबाईंचा आवाज फुटायचा, ‘मास्तर बोल्तान, भरती करा रं!’ तिला मी शंभरदा सांगितलं की बाई, ‘मास्तर बोल्तान’ तेवढं गाळा. ती म्हणायची, मंग पोरांना कसा कलेल का तुमी बोल्लाव ते?

आणि काय सांगू, टीम उधळली! दोन वर्षं जी पोरं पहिल्या फेरीत गारद व्हायची, ती एकेक मॅच मारत सेमीफायनलला पोचली. समोर मुंबईतलं जुनं, नावाजलेलं कॉलेज. त्यांच्या टीमला रंगीत ट्रॅकसूट, आमच्यात जर्सीचे रंगसुद्धा एकसारखे नव्हते. आम्ही सुकतीवर सुकती घेत त्यांना दमवलं, आणि शेवटी शेवटी पार्वतीबाईंनी भरतीची आरोळी ठोकली तशी पोरं अशी घुसली की त्यांना कुठं बघावं कळेना. हिराजीनं गोल मारला. मी बाकावरून उडी मारली, खाली पडलो तो उठलोच नाही, पोरं अंगावर होती. कॉलेजच्या नशिबात पहिल्यांदा फायनल आली होती.

आनंद चार दिवस टिकला नाही तोच तक्रार आली. हरलेल्या कॉलेजचं म्हणणं असं, की ही पोरं विद्यार्थी नाहीतच. चव्हाण सर गावांतून बाहेरची माणसं भरतात. पुरावा काय, तर त्यांच्या हातांना घट्टे आहेत, इंग्रजी येत नाही, आणि भर मैदानात लोक ‘मास्तर बोल्तान, भरती करा’ म्हणून ओरडतात. वाचून मला कळेना की डोकं आपटावं की हसावं. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आरोप सिद्ध झाला तर टीम फायनलमधून बाद, आणि पोरांवर बोगस म्हणून शिक्का. अहो, गावात पहिल्यांदा कॉलेजला गेलेलं पोर, आणि त्यालाच म्हणायचं की तू विद्यार्थी नाहीस? हिराजी माझ्या घरी येऊन बसला होता. माझ्या बायकोनं पुढं केलेला चहा तसाच गार झाला. बाप विचारतो की तू खरंच कॉलेजात जातोस ना, एवढंच तो बोलला.

चौकशीला स्पर्धेच्या कमिटीचे अध्यक्ष आणि एक सदस्य कॉलेजात आले. अध्यक्ष वयस्क, चष्मेवाले, तोलून बोलणारे. प्राचार्यांच्या खोलीत बैठक. मला कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि बजावलं की साक्षीदाराला काही शिकवायचं नाही, तोंड बंद. म्हणजे इथंही माझा बाकच! हिराजीला समोर बसवलं.

अध्यक्षांनी विचारलं, “तुमच्या संघात भरतीचा निर्णय कोण घेतं?”

“सर.”

“म्हणजे हे चव्हाण सर?”

“हा. सर बोल्ले का आमी भरती करतो.”

“किती जणांची?”

“सगल्यांची. बाळाराम सोडून.”

“त्याला का सोडलं?”

“तो गोलकीपर हाय ना. त्याला भरतीत घेतला तं घर उघडा पडंल.”

अध्यक्ष लिहीत होते. सदस्यांनी विचारलं, की हे पहिल्यापासून चालतं का.

“नाय, नाय. पयले सुकती. समोरचे दमले का मंग भरती.”

“आणि समोरच्यांना याचा पत्ता नसतो?”

“त्यांना कसा कलेल?” हिराजी समजुतीनं म्हणाला. “ते मुंबयचे.”

मला हसू फुटलं. नाकातोंडातून फुटलं, आवरेना. प्राचार्य माझ्याकडं डोळे वटारून बघत होते आणि हिराजीसुद्धा हसायला लागला, आपण बरोबर उत्तरं दिली असं वाटून. आणि पुढच्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं. त्या बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे स्वतःच्या टीमचा गळा कापला होता. त्याच्या दुनियेत भरती म्हणजे पाणी. यांच्या दुनियेत भरती म्हणजे नोकरीची, पोलिसांची, माणसं भरायची.

प्राचार्यांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. माणूस भला होता. मी त्यांना भाषेचं सगळं सांगितलं. ते कठड्याला टेकून बराच वेळ हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, चव्हाण, कॉलेजची कागदपत्रं स्वच्छ आहेत, पोरं आपलीच आहेत हे पुढंमागं सिद्ध होईलच, तुम्ही गप्प बसा. पण पुढंमागं म्हणजे फायनल होऊन गेल्यावर. आणि मी खरा अर्थ सांगितला तर? तर कडेवरून कोचिंग केल्याची ती माझी कबुलीच. कायम व्हायला माझे थोडेच महिने उरले होते आणि क्रिकेटवाले ट्रस्टी टपून होते. प्राचार्य म्हणाले, मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. खरं सांगतो, मी तिथं क्षणभर घाबरलो. वाशीत नुकतं घर मांडलं होतं, पोरगी शाळेत घातली होती. पण आतून हिराजीचा आवाज येत होता, तो अजून मनापासून उत्तरं देत होता. आणखी थोडं बोलला असता तर जिल्ह्यातली अर्धी माणसं त्यानं भरती केली असती. मी आत गेलो आणि म्हटलं, साहेब, पेन खाली ठेवा आणि मैदानात चला.

मैदानात पोरांना उतरवलं, समोर दुसऱ्या फळीची टीम. अध्यक्षांना खुर्ची. पार्वतीबाईंना गल्लीतून शोधून आणलं, त्या पाटीसकट. आणि ही बाई, जिच्या आवाजानं सेक्टर हलायचे, ती साहेब लोकांना बघून लाजली! पदर तोंडाला लावून उभी. मी भरती म्हटलं तर ती पुटपुटली. पोरं ढिम्म. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. मी पार्वतीबाईंना विनवलं, दटावलं, उपयोग शून्य. इतक्यात दुसऱ्या फळीतल्या एका गड्यानं बाळारामच्या कोपऱ्यात सणसणीत बॉल मारला, बाळाराम आडवा झाला आणि बॉल जाळीत गेला. झालं. साहेब गेले उडत. पार्वतीबाईंनी पदर कमरेला खोचला आणि ती अशी गरजली की अध्यक्षांच्या हातातला चहा सांडला. मी सुकती म्हटलं, ती ओरडली, पोरं झपकन मागं आली. मी डोल म्हटलं, सगळी रेषेत उभी. मी भरती म्हटलं, आणि ती अख्खी रांग एका श्वासात पुढं सुटली. मी कोचिंगमध्ये जन्म घालवला, पण तसं देखणं काही पुन्हा बघितलं नाही. अध्यक्ष उभे राहिले होते. ते हळूच म्हणाले, “पुन्हा एकदा दाखवा.”

मी तीनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तर अध्यक्षांनी स्वतः भरती म्हणून ओरडून बघितलं, पण पोरांनी मान वर केली नाही, पार्वतीबाईंच्या आवाजाशिवाय ती हलत नव्हती.

निकाल तिथंच लागला. पोरं अस्सल, तक्रार फेटाळली, टीम फायनल खेळणार. आणि कोच चव्हाण यांना कडेवरून सूचना दिल्याबद्दल बंदी. अध्यक्ष माझा हात हातात घेऊन म्हणाले, की चव्हाण, नियम नसता तर मी तुम्हाला पदक दिलं असतं. मी म्हटलं, साहेब, नियम नसता तर एवढी अक्कल लढवायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टींनी प्राचार्यांना बोलावलं. प्राचार्यांनी मला सांगितलं की काढल्याचा डाग घेऊन जाऊ नका, तुम्हीच लिहून द्या, मी चांगलं सर्टिफिकेट देतो. मी लिहून दिलं. फेकलं नाही, तत्त्वबित्त्व काही नव्हतं, टेबलावर सरळ ठेवलं. वाईट वाटलं का? वाटलं की. घरी येऊन मी जेवलो नाही. पार्वतीबाई भांडायला आली, म्हणाली आवाज माझा आणि शिक्षा तुमाला, ही कसली कमिटी? आणि ताज्या बोंबलांची पाटी दारात ठेवून गेली. बायको म्हणाली, नोकरी गेली, निदान मासे तरी आले.

फायनलला मी गेलो. मुंबईतलं मैदान, गर्दी तुडुंब, खाडीपलीकडची अख्खी गावं टेम्पो भरून आलेली. मी गर्दीत पार्वतीबाईंच्या शेजारी उभा राहिलो. अध्यक्षांनी मला हेरलं, जवळ आले आणि विचारलं, आता इथं कोण म्हणून उभे आहात? मी म्हटलं, प्रेक्षक. ते हसले आणि निघून गेले. पहिल्यांदाच मी मोकळा होतो! नाडी बांधायची नाही, कुजबुजायचं नाही. सगळ्या नोकरीत दाबून ठेवलेला कोल्हापूरचा आवाज मी बाहेर काढला. पार्वतीबाईंनीसुद्धा कानावर हात ठेवला.

खेळ बरोबरीत. वेळ संपत आलेली आणि समोरचे आमच्या गोलावर धडका मारत होते. माझ्या हिशेबानं आता टिकून राहायची वेळ होती. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, “सुकती! सगळे मागं या, सुकती!”

हिराजीनं ऐकलं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, मला खात्री आहे. आणि मागं यायच्या ऐवजी बॉल पायात घेऊन सरळ पुढं सुटला. त्याच्यामागून सगळीच्या सगळी सुटली, कुणी काही न सांगता. मी ‘अरं मागं, मागं’ म्हणून छाती पिटत होतो, शिव्या घालत होतो, आणि समोरच्यांचे सगळे गडी आमच्याकडं धावत आलेले, त्यांच्या मागं रान मोकळं पडलेलं. ते मला दिसलंच नव्हतं. हिराजीला दिसलं होतं. बॉल जाळीत गेला तेव्हा माझं तोंड अजून मागं म्हणायलाच उघडलेलं होतं.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. लोक मैदानात घुसले, कुणीतरी मला उचललं, मी रडत होतो आणि ओरडत होतो. गर्दी ओसरल्यावर पार्वतीबाई शेजारी तशीच उभी दिसली, कमरेवर हात ठेवून. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “मास्तर, पोरांना पानी कलला. तुमाला नाय अजून.”